दुःखाच्या शब्दांचा गुरुवार

महाडला एसटी स्टँडच्या मागे, भांड्यांच्या एका दुकानाच्या वर आमचा क्लास आहे. मी तिथे इंग्रजी शिकवते. इंग्रजी म्हणजे कथा-कविता नव्हे, प्रवेश परीक्षेला लागतं तेवढंच. वर एक शब्द देतात, खाली चार, त्यातला जवळच्या अर्थाचा निवडायचा. मुलं वरंधहून येतात, दासगावहून येतात, पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून दोन गाड्या बदलून येतात. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, किती शब्द पाठ करायचे?" मी सांगते, सगळे. मग त्यांचे चेहरे पडतात. पडू देत, त्याशिवाय ती कामाला लागत नाहीत.

मी जरा फटकळ आहे, हे त्यांना आठवड्याभरात कळतं. अगदी तोच अर्थ असलेला शब्द जगात नसतो, हे मी त्यांच्या डोक्यात कोंबते. चारातला त्यातल्या त्यात जवळचा शोधायचा आणि पुढे जायचं, रडत बसायचं नाही. आणि प्रश्न रिकामा सोडायचा नाही. आमच्या मुलांच्या परीक्षेत चुकलं म्हणून मार्क कापत नाहीत. येत नसेल तर डोळे मिटून कुठेही बोट ठेव, पण सोडून येऊ नकोस. जो सोडून येईल त्याला मी या जिन्यावरून खाली सोडीन, असं मी म्हणते आणि पोरं हसतात.

शब्द मी गटागटाने शिकवते. रागाचे, आनंदाचे, चिक्कूपणाचे, बडबडीचे. एक गट दुःखाचा आहे. तो मी शिकवत नाही. त्या दिवशी माझ्याबरोबर शिकवणारी दुसरी मॅडम तास घेते आणि मी खाली चहाला जाते. मॅडमला कंटाळा आला असेल, असं मुलांना वाटतं.

माझे वडील महाडच्या कोर्टात शिपाई होते. आमचं घर पोलादपूर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत. तिथून ते रोज सकाळच्या एसटीने महाडला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. कोर्टात त्यांचं खरं काम पुकाऱ्याचं. खटला निघाला की दाराबाहेर येऊन, हात मागे बांधून, मान वर करून पक्षकाराचं नाव मोठ्याने घ्यायचं. तीन वेळा. तिसऱ्या पुकाऱ्याला माणूस आला नाही तर आत जाऊन सांगायचं, गैरहजर. बाबांचा आवाज असा होता की समोरच्या झाडाखाली झोपलेला माणूस स्वतःचं नाव ऐकून उठून बसायचा. घरी मात्र ते हळू बोलायचे. आई म्हणायची, यांचा सगळा आवाज सरकारजमा झालाय.

आयुष्यभर त्यांनी काळ्या कोटवाल्यांसाठी दार उघडलं होतं. आपल्या घरातून एक काळा कोट निघावा, एवढंच त्यांचं मागणं. माझ्याकडून ते झालं नाही. माझं लवकर लग्न झालं, मी महाडला आले आणि मास्तरीण झाले. मग सगळी भिस्त धाकटीवर गेली. ती माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. तिचं तोंड कमी आणि डोकं जास्त, माझं नेमकं उलट. बारावीनंतर लॉच्या प्रवेश परीक्षेला बसली आणि इंग्रजीने तिला खाल्लं. सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही आणि खाजगीचं नाव काढायची आमची ऐपत नव्हती. बाबा म्हणाले, एक वर्ष घरी अभ्यास कर, तारीख पडली म्हणजे केस गेली असं नाही.

ते वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं, हे मला आता कळतं. मी चिठ्ठ्यांवर शब्द लिहून द्यायची, मागे त्यांचे अर्थ. संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन ओटीवर उभे राहायचे, हात मागे, मान वर. धाकटी पायरीवर बसलेली. आणि मग तो सरकारजमा झालेला आवाज घरात निघायचा. "आजच्या बोर्डावर दहा शब्द. अबंडन! अबंडन हाजिर आहे?" बाबांना अर्थ माहीत नसायचा, तो चिठ्ठीच्या मागे असायचा. तिसऱ्या पुकाऱ्याच्या आत तिने जवळचा शब्द सांगायचा. सांगितला तर शब्द निकाली. नाही सांगितला तर गैरहजर, आणि तो दुसऱ्या दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे खटल्यांच्या यादीवर. आई आतून ओरडायची, "हळू घ्या जरा, वाडीला वाटंल कुणाला फाशी देताव." पण तिला ते आवडायचं. दाराआड उभी राहून ती ऐकत असायची.

दुसऱ्या वर्षीचं सेंटर पनवेलला आलं. पेपर शनिवारी होता. आमच्या वाडीत मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते, सराव परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायच्या, म्हणून तिला आठवडाभर आधीच मावशीकडे पाठवलं. मी रोज सकाळी तिला मोबाइलवर दहा शब्द पाठवायची. कुठल्या दिवशी कुठला गट, हे मी तिला ती निघतानाच सांगून ठेवलं होतं. गुरुवारी दुःखाचा, तो नीट कर, त्यातला एक तरी येतोच, असंही सांगितलं होतं.

संध्याकाळी घरी फोन व्हायचा. आई विचारायची, "जेवलीस का गो?" धाकटी म्हणायची, जेवले. मग तिचे दोन प्रश्न ठरलेले. तू जेवलीस? बाबा जेवले? त्यानंतर फोन बाबांकडे जायचा आणि सकाळच्या दहा शब्दांचा पुकारा फोनवरून व्हायचा. मावशी सांगते, फोन कानापासून हातभर लांब धरला तरी सगळं ऐकू यायचं.

बुधवारी अकराच्या सुमाराला कोर्टातून मला फोन आला. बाबा पुकारा करून आत वळले आणि दारातच खाली बसले. मी क्लासमधून धावत हॉस्पिटलात पोचले तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन उभे होते. बाबा तोवर गेले होते. मी बाबांजवळ गेले. शर्टाच्या खिशात त्या दिवशीच्या दहा शब्दांची चिठ्ठी होती. मी सकाळी धाकटीला पाठवते ते शब्द ते माझ्याकडून लिहून न्यायचे, संध्याकाळसाठी.

वाडीत नेलं. मुंबईहून मोठे काका आले, पनवेलहून मावशीचे यजमान आले. धाकटीला त्यांनी सांगितलं होतं की ड्युटीवर जातो. मावशी पोरीजवळ थांबली आणि तिने आपलं रडणं बाथरूमचा नळ सोडून उरकलं. मे महिना होता, ठेवणं शक्य नव्हतं. अंगणात माणसं बसलेली, आत बाबा, आणि ओटीवर आमचं भांडण.

मी म्हटलं, तिला बोलवून घ्या, गाडी करा, रात्रीपर्यंत थांबू. तिला तोंड तरी बघू दे.

काका म्हणाले, "आणि पेपर? बोलावलंस की पेपर गेला. मागचं वर्ष गेलं, हे गेलं. पुढल्या वर्षाला घर चालवायचं कोणी? मग तिला कोर्टात बापाच्या जागी अनुकंपावर लावायची, दुसरा इलाज नाही."

काका वाईट माणूस नाही. ते हिशेबी बोलले आणि बोलले ते खरं होतं. मी तरी भांडत होते. तेवढ्यात आई आतून आली.

"तिला नाय सांगायचं," ती म्हणाली. "पेपर देऊ दे तिला. पोरीला पुकारा करायला नाय पाठवायची मी. त्यांनी सांगून ठेवलेलं हाय मला."

बाबांनी कधी सांगितलं, कुठे सांगितलं, मी विचारलं नाही. संध्याकाळी नदीकाठी वंदना झाली आणि सगळं संपलं. काकांनी वाडीतल्या पोरांना एकेकाला गाठून सांगितलं, मोबाइलवर फोटो टाकायचा नाही, श्रद्धांजली नाही, फुलं नाहीत, स्टँडवर बॅनर नाही. एरवी कुणाचा बैल मेला तरी स्टेटस ठेवणारी पोरं, त्यांनी एक शब्द टाकला नाही. शनिवार संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीने तोंडाला कुलूप लावलं.

नदीवरून परत आलो तेव्हा तिचा नेहमीचा फोन आला. काका हळूच म्हणाले, नका उचलू. आईने उचलला. तिने पदराने नाक पुसलं, घसा साफ केला आणि म्हणाली, "जेवलीस का गो?" तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. रोजचाच आवाज होता. बाबा साहेबांबरोबर अलिबागला गेलेत, फोन बिघडलाय, शनिवारी येतील, असं आईने एका दमात सांगितलं. पलीकडून धाकटीने विचारलं, मग त्यांच्या जेवणाचं काय तिथे? आई म्हणाली, "सोय हाय त्यांची." फोन ठेवला आणि ती भिंतीला टेकून खाली सरकली.

गुरुवारी सकाळी मला शब्द पाठवायचे होते. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं येऊन बसत होती आणि मी न्हाणीघरामागे मोबाइल घेऊन उभी होते. गट पुढ्यात होता. ग्रीफ, सॉरो, लॅमेंट, मोर्न. डिमाइज, म्हणजे मृत्यू. बिरीव्ह्ड, म्हणजे ज्याचं माणूस गेलं तो. हे शब्द मी क्लासमध्ये कितीदा फळ्यावर लिहिले, पुसले, पोरांना त्यावरून झापलं. त्या सकाळी ते मला लिहिता येईनात. शनिवारी तिला कळेल, तेव्हा हे सगळे शब्द तिला आठवतील आणि वाटेल, ताईला ठाऊक होतं आणि तिने मला हे पाठवले. मी तो गट सोडला आणि आनंदाचा पाठवला. डिलाइट, ब्लिस, चिअरफुल, असले दहा. शुक्रवारी बडबडीचा पाठवला. तिची दोन्ही दिवस सगळी उत्तरं बरोबर आली, खाली नेहमीसारखं 'ओके ताई'. मला बरं वाटलं. पोरीला काही कळलेलं नाही, असं मी काकांना सांगितलं.

शनिवारी काका आणि मी गाडी करून पनवेलला गेलो. पेपर सुटला, पोरं बाहेर आली, त्यात ती दिसली. मी ओठांवर हसू ताणून उभी होते. पेपर कसा गेला, विचारलं. बरा गेला, म्हणाली. बाबा का नाही आले, असं ती विचारेल म्हणून मी वाटेत दहा उत्तरं घोकली होती. तिने विचारलं नाही. गाडीत खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. घरी पोचल्यावर आईने सांगायचं, असं ठरलं होतं. माणगाव गेलं, लोणेरे गेलं. काकांना पुढच्या सीटवर डुलकी लागली होती.

दासगावच्या आसपास खाडी दिसायला लागली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, बाबांना नदीवर नेलं ना?"

कोणी सांगितलं तुला, मी विचारलं. माझ्या डोक्यात वाडीतलं एकेक पोर येऊन गेलं, कुणाची चामडी लोळवायची ते मी ठरवत होते.

"तूच," ती म्हणाली. "गुरुवारी दुःखाचे येणार होते. तू आनंदाचे पाठवलेस."

मी म्हटलं, अगं, चुकून गेले असतील, असं नाही वाटलं तुला?

"तू चुकून एक शब्द पुढेमागे करत नाहीस. शुक्रवारी पण नाही पाठवलेस. आणि बाबांचा फोन नाही." ती अजून बाहेरच बघत होती. "तू ते पाठवले असतेस ना ताई, तर मला काही कळलं नसतं. मी केले असते पाठ."

अख्ख्या वाडीने कुलूप लावलं होतं आणि ते मी उघडलं होतं. इतकी वर्षं ज्या शब्दांवर मी पोट भरते, त्यांनीच मला उघडं पाडलं. मी तिचा हात धरला. तू आली का नाहीस निघून, मी विचारलं. ती म्हणाली, गुरुवारी मला कळलं तेव्हा तुम्ही त्यांना नेलं असणार, उन्हाळा आहे. मग येऊन काय करू? आणि आई फोनवर इतकं नेहमीसारखं बोलत होती. म्हटलं, तिला एवढं जमतंय तर मला जमायला पाहिजे. मग तिने मान माझ्याकडे वळवली. "आईला सांगू नकोस मला माहीत होतं ते."

घरी पोचलो. अंगणातली माणसं उठून उभी राहिली. आई दारात आली आणि तिला जवळ घेऊन म्हणाली, "गेले गो तुझे बाबा." धाकटी जी रडली, ती जणू तेव्हाच तिला कळलं असं रडली. तीन दिवस धरून ठेवलेलं ते रडणं होतं, त्यात खोटं काहीच नव्हतं. बायका तिला सावरत होत्या. मी ओटीच्या खांबाला धरून उभी होते आणि मला माझंच रडू येत नव्हतं.

पुढे निकाल लागला. सरकारी कॉलेजात तिचा नंबर लागला, काठावर, पण लागला. काका मुंबईहून पेढे घेऊन आले आणि पेढ्यांचा पुडा हातात धरून लहान पोरासारखे रडले.

ती निघायची त्या सकाळी आम्ही पोलादपूरच्या स्टँडवर तिच्या गाडीची वाट बघत होतो. आई पाण्याची बाटली भरायला गेली होती. मी आपली मास्तरीण ती मास्तरीण, विचारलं, इंग्रजीत अवघड काय आलं होतं गं?

"एक सोडला," ती म्हणाली.

सोडला म्हणजे? मी जवळजवळ तिच्या अंगावर गेले. मार्क कापत नाहीत, काठावर नंबर लागलाय, आणि तू रिकामा सोडलास?

"बिरीव्ह्ड होता. खाली चार शब्द. मला येत होतं ताई." ती बॅगेचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होती. "पण तो शब्द मला बाबांच्या आवाजातच ऐकू आला. बिरीव्ह्ड हाजिर आहे? मी उत्तर दिलं असतं म्हणजे हाजिर आहे म्हटल्यासारखं झालं असतं. तिन्ही पुकारे होऊ दिले. मग पुढच्या प्रश्नावर गेले."

माझ्या क्लासात कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. तिची मी फक्त बॅग उचलली. गाडी लागली, ती चढली, खिडकीतून आईचा हात धरला आणि सोडला. गाडी वळून हायवेला लागेपर्यंत आई बघत होती.

मग आम्ही दोघी बाकावर बसलो. धाकटीने त्या दिवशी गाडीत बजावलं होतं, म्हणून मी आईला काही सांगितलं नव्हतं. आईच म्हणाली, "तिला ठावं होतं."

कशावरून, मी विचारलं.

"बुधवारी इचारलंन, बाबांच्या जेवणाचं काय. गुरुवारी नुसतं, तू जेवलीस? म्हणाली. फुडं काय नाय. लहानपणापासनं एक दिस चुकली नव्हती ती. फोन ठेवला नि मला कळलं, हिला समजलंय."

मग तू बोलली का नाहीस, मी विचारलं.

"ती माझ्यासाठी गप होती. मी बोलली असती तं रडली असती, नि पेपर गेला असता. म्हणून मी पन इचारीत ऱ्हायली, जेवलीस का गो." आईने पदर सारखा केला. "तिला सांगू नको हां मला ठावं होतं म्हणून."

आई आता त्याच कोर्टात लागली आहे, बाबांच्या जागी. ती फायली उचलते, पिण्याचं पाणी भरते. पुकारा दुसरा माणूस करतो, तो आईने घेतला नाही. धाकटी तिसऱ्या वर्षाला आहे.

संध्याकाळी हॉस्टेलमधून तिचा फोन येतो. मी माहेरी असले तर ओटीवर बसून ऐकते. आई विचारते, "जेवलीस का गो?" ती म्हणते, जेवले, तू जेवलीस? आई म्हणते, जेवली. मग दुसऱ्या प्रश्नाची वेळ येते आणि जाते. फोन चालू असतो. त्यानंतर आई म्हणते, बरं, ठेव आता.